मे महिन्यात थिजलेलं तेल

"मॅडम, विरजण माणसाला लागलं तर माणसाचं दही होतं का?"

भूपाली तांडेलने घसा खाकरून, माइक तोंडाजवळ धरून, खणखणीत आवाजात हे विचारलं आणि नववीच्या दोन्ही तुकड्या खो खो हसत सुटल्या. तिच्या मैत्रिणी निदा आणि तृषाली तर एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैज त्यांचीच होती: सगळ्यांसमोर, माइकवर, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता विचारलंस तर मलई कुल्फी, त्याही दोन. वर्षापूर्वीची भूपाली असती तर पैजेचं नाव काढताच बाकाखाली शिरली असती. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत तिने तालुक्याची ढाल आणली होती आणि तेव्हापासून, तिच्या आईच्या भाषेत, पोरीच्या तोंडाचं कुलूप खाडीत पडलं होतं.

'सागरमार्जनी' जहाजावर आज शाळेची सहल आली होती. समुद्रात सांडलेलं तेल गोळा करणं हे या जहाजाचं काम. दोन्ही बाजूंना लांबलचक हात पसरून ते पाण्यावरून फिरायचं, म्हणून बोरवंडीच्या कोळीवाड्यात त्याचं नाव पडलं होतं झाडूवाली. आणि झाडूवालीला उसंत नव्हती. जग तेल सोडून विजेकडे निघालं होतं खरं, पण म्हणूनच नवा टँकर बांधायला कोणी पैसे घालत नव्हतं. उरलंसुरलं तेल जुन्यापुराण्या गंजक्या टँकरांमधून फिरायचं, आणि डागडुजीला आलेल्या पिंपासारखं कुठे ना कुठे गळायचं.

"हसू नका रे, प्रश्न चांगला आहे," परकार मॅडम म्हणाल्या. डॉक्टर शेहनाज परकार या विरजणाच्या मुख्य. बुटक्या, चष्मेवाल्या, कमरेवर हात ठेवून बोलणाऱ्या. "आधी विरजण म्हणजे काय ते सांगा बघू. कोण सांगेल? नाही? बरं. तेल पाण्यावर सांडलं की पसरतं, पातळ होतं, हाती लागत नाही. आपलं विरजण म्हणजे खास तयार केलेले जिवाणू. ते तेलाच्या थेंबाला चिकटतात, थोडं तेल खातात आणि स्वतःभोवती बारीक बारीक धागे विणतात. लाखो थेंब त्या धाग्यांत अडकले की तेलाचं होतं घट्ट दही. मग पट्ट्यावरून ओढायचं आणि टाकीत भरायचं. सोप्पं."

"मग माणसाच्या कातडीलापण तेल असतंच की मॅडम," भूपालीने सोडलं नाही. पैज जिंकून झाली होती, पण आता तिला खरंच कळेना.

"असतं. पण या जिवाणूंना एक खुराक लागतो, तो निसर्गात कुठेच मिळत नाही. आम्ही जहाजावरून फवारतो तेवढाच. खुराक बंद केला की संध्याकाळपर्यंत सगळे मेलेले. आणि एकदा वापरलेलं विरजण आम्ही जाळून टाकतो. दरवेळी प्रयोगशाळेतून नवीन. तेव्हा तुझं दही होणार नाही, बाळा. ताक तर नाहीच."

पुन्हा हशा. सगळ्यात मोठा आवाज होता दोर ओढायच्या विंचजवळ उभ्या असलेल्या भूपालीच्या बापाचा. हरेश तांडेल या जहाजाचा सारंग होता, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा म्होरक्या. त्याच्या शेजारी जहाजाचा स्वयंपाकी, पास्कूकाका भंडारी, हातातलं उलथनं हलवत हसत होता. हसता हसता त्याने सारंगाला डोळा मारला.

तो डोळा भूपालीने बरोब्बर टिपला.

"पप्पा, पास्कूकाकांनी डोळा का मारला?" घरी येताना तिने विचारलं. सुकटीच्या ओट्यांमधून वाट जात होती आणि बोंबील वाळत होते.

"तुझी नजर आहे का दुर्बीण गो?" हरेशने इकडेतिकडे पाहिलं. मग छाती जराशी फुगवून म्हणाला, "तुझी आय रोज दही लावते. विरजण दुकानातून आणते का?"

"नाही. कालच्या दह्यातलं चमचाभर ठेवते."

"का?"

"घरचं छान लागतं. लवकर लागतं."

"मग? ते प्रयोगशाळेचं ताजं विरजण म्हणजे नवी नवरी. लाजतं, अंग चोरतं. अर्धा दिवस जातो लागायला, तोवर तेल शिरतं तिवरांत. एकदा शिरलं की खेकडा मेला, कालवं मेली, दोन वर्षं खाडी मुकी. म्हणून आम्ही जाळायच्या आधी वाटीभर काढून ठेवतो. पास्कूच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भट्टीच्या मागे, स्टीलच्या डब्यात टॉवेल गुंडाळून. पुढच्या वेळी ताज्यात ते घातलं की बघ, भात शिजायच्या आत समुद्र घट्ट."

"आणि परकार मॅडम?"

"त्यांना वाटतं त्यांचं विरजण फार भारी." हरेश खदखदून हसला. "वाटू दे. बाई चांगली आहे. जीव तोडून काम करते. तिला कशाला वाईट वाटू द्यायचं?"

भूपालीला ही गोष्ट भयंकर आवडली. डब्यात झोपलेलं, टॉवेल पांघरलेलं, पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं जहाजाचं विरजण! कुणाला सांगायचं नाही म्हणून तर आणखीच आवडली.

मे महिना चढत गेला. मासेमारीची बंदी तोंडावर आल्याने खाडीत गडबड उडाली. शेवटच्या फेरीला प्रत्येक होडी जाणार होती. अशात एका सकाळी हरेशला बोलावणं आलं. किनाऱ्यापासून आत दोन जहाजांची धडक झाली होती, टँकर फुटला होता. तो चहा अर्धा टाकून पळाला.

रविवार होता. भूपाली पायरीवर बसली, केस सोडले आणि ओरडली, "आई, तेल लाव ना!"

आई सुगंधा हात पुसत आली. खोबरेल तेलाची बाटली तिने तळव्यावर उलटी केली. काही पडलं नाही. हलवली. तळाला थाप मारली. काहीच नाही.

"मेलं थिजलंय," ती म्हणाली आणि चमच्याच्या दांड्याने गोळा उकरून भूपालीच्या टाळूवर थापलासुद्धा. चोळलं, दोन घट्ट वेण्या घातल्या, वर एक टपली मारली. "ऊठ. नारळ खवायचाय."

भूपाली उठली नाही.

अंगणात ऊन रटरटत होतं. कौलांवरचा कावळा चोच उघडी टाकून बसला होता. तिच्या पाठीवरून घामाचा ओघळ चालला होता. खोबरेल तेल थिजतं ते डिसेंबरात, पहाटे, तेसुद्धा बोरवंडीत एखाददुसऱ्या वर्षी.

"आई," ती म्हणाली, "हे तेल मे महिन्यात थिजलंच कसं?"

"फ्रीजात ठेवलं असशील तू."

"मी नाही ठेवलं."

बाटली हातात घेऊन तिने उजेडात धरली. आतला गोळा डिसेंबरातल्यासारखा पांढराशुभ्र नव्हता, पिवळट होता. आणि त्यात केसांहून बारीक धागे होते. वासही खोबऱ्याचा नव्हता. ओल्या वाळूचा होता. तसा वास तिने एकाच ठिकाणी घेतला होता, सहलीच्या दिवशी पास्कूकाकांच्या गॅलीत.

मग तिला पप्पांचे हात आठवले. संध्याकाळी घरी आले की ते पहिल्यांदा बाटलीत बोटं बुडवायचे आणि तळव्यांना चोळायचे. अलीकडे त्यांचे हात उन्हाळ्यातल्या मिठागरासारखे भेगाळले होते. कितीही तेल चोळा, कोरडे ते कोरडे. आई म्हणायची, दोरांनी झालं. पप्पा म्हणायचे, वय झालं.

त्या हातांना तेल पुरत नव्हतं, कारण ते दुसरंच कोणीतरी खात होतं.

तिने वाटीत गोडंतेल घेतलं आणि बाटलीतला कण त्यात टाकला. नुसता कण. खुराक नाही, फवारा नाही. वर ताटली झाकली आणि नारळ खवायला बसली. खवताना नजर त्या ताटलीवरच होती, करवंटीसुद्धा खवली गेली. आईचं दोनदा ओरडून झालं. भात उतरवला तेव्हा भूपालीने ताटली उचलली आणि वाटी पालथी केली.

तेल पडलं नाही.

तिने वेणीला हात लावला. वेणी काथ्याच्या दोरीसारखी ताठ झाली होती. माणसाचं दही होतं का? दोन कुल्फ्यांसाठी विचारलेला प्रश्न आता तिच्या टाळूवर बसून होता, आणि तिला तिथे खाज सुटतेय की भास होतोय हेही कळेना.

तिने पप्पांना फोन लावला.

"गो, इथे धावपळ आहे, काय ते लवकर बोल."

"पप्पा, पास्कूकाकांचा डबा घेतलाय बरोबर?"

"तो कधी सोडून आलोय?"

"तो ओतू नका. पप्पा, ते खुराकाशिवाय जगतंय. आपलं खोबरेल थिजलं. गोडंतेलपण थिजलं. तुमच्या हातांनी आलंय. तुम्ही विरजण लावता आणि त्याच हाताने डिझेलच्या टाकीत दांडी बुडवून डिझेल मोजता ना? मग जहाजाचं डिझेल..."

"येडी की काय तू!" हरेश हसला. पण ते हसू अर्ध्यावर तुटलं. मागून कोणीतरी ओरडत होतं. भूपालीला शब्द स्पष्ट ऐकू आले: सारंग, फिल्टर चोक झाला, दुसऱ्यांदा! हातात जेलीसारखं काहीतरी येतंय!

फोन बंद झाला.

भूपालीने सायकल काढली तशी आईने मनगट धरलं. "कुठे?"

"परकार मॅडमकडे. बंदर स्टेशनवर."

"काय सांगणार? बाप चोरून डबा ठेवतो म्हणून? नोकरी जाईल त्याची. पास्कूची जाईल, त्याच्या पोरीचं लग्न ठरलंय. गो, तो परत येऊ दे, मग घरात बसून बोलू."

"परत आला नाही तर?"

आईची पकड सुटली नाही, उलट आवळली. दोघी तशाच उंबऱ्यावर उभ्या होत्या, आणि भूपालीला वाटलं की आता आपण रडणार. रडली नाही. तिने मनगटाला हिसडा दिला आणि सायकलवर टांग टाकली.

बंदर स्टेशनच्या खोलीत मोठा पडदा होता. त्यावर ड्रोनने टिपलेला समुद्र दिसत होता. सगळीकडे वाऱ्याने पांढऱ्या लाटा उठल्या होत्या आणि मधोमध एक पट्टा एकदम गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखा. बघायला इतका सुंदर की अंगावर काटा यावा. तेल लाटेला दाबून बसवतं. पप्पा म्हणायचे, खवळलेल्या दर्यात शांत जागा दिसली तर तिकडे पाय ठेवू नये.

परकार मॅडम रेडिओसमोर उभ्या होत्या. भूपालीने धापा टाकत सगळं सांगितलं: डबा, टॉवेल, बाटली, वाटी, फिल्टर. मध्ये एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढचं बोललीच नसती.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चष्मा काढला.

"किती वर्षं ठेवतायत?"

"झाडूवाली आली तेव्हापासून."

"या अल्लाह." त्या पुटपुटल्या. मग जणू स्वतःलाच समजावत म्हणाल्या, "कोट्यवधींत एखादा जिवाणू असा निघतो, ज्याला खुराक लागत नाही. निघणारच, ते मला माहीत होतं. म्हणून तर जाळायचा नियम होता. जुनं जाळलं की तो एकटादेखील जळतो. पण यांनी दरवेळी जुन्यातलंच पुढे लावलं. खुराक संपल्यावर डब्यात जे जिवंत राहिले, त्यांनाच वाढवलं. दरवेळी. मी खुराकावर विसंबले आणि ते घरच्या रीतीवर."

"मॅडम, पप्पांचं इंजिन..."

मॅडम ताडकन उठल्या. भूपालीला त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, आणि त्यांनाही तिला. सारंगाच्या पोरीला एवढं ठाऊक होतं. तेलाकडे जायचं ते वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे वारा आपल्या पाठीशी असतो आणि तेलाची वाफ आपल्यापासून लांब जाते. इंजिन चालू असेपर्यंत ही युक्ती. इंजिन बंद पडलं, की पाठीवरचा तोच वारा जहाजाला ढकलत ढकलत सरळ वाफेत नेऊन घालतो. कच्च्या तेलाची ताजी वाफ. तिथे एक ठिणगी पुरते.

"सागरमार्जनी, मी परकार बोलतेय. विरजण ओतू नका. इंजिन कुठल्याही क्षणी जाईल. आत्ताच्या आत्ता नांगर टाका."

"मॅडम, इंजिन चालू आहे," कॅप्टनचा आवाज आला. "फिल्टर साफ करतोय. माघारी वळतो."

"वळताना बंद पडलं तर? नांगराची साखळी लोखंडावर घासते, ठिणग्या उडतात. वाफेत शिरल्यावर नांगर टाकताच येणार नाही. आत्ताच टाकता येईल."

रेडिओ खरखरत राहिला. एवढ्यात पडद्यावरच्या झाडूवालीच्या मागची फेसाची रेघ पुसट होत गेली आणि दिसेनाशी झाली.

"इंजिन गेलं," कॅप्टन म्हणाला.

जहाज हळूच वाऱ्याला आडवं झालं. त्या गुळगुळीत पट्ट्याकडे सरकायला लागलं, अगदी सावकाश, घाई नसल्यासारखं. भूपालीने टेबलाची कड धरली. नांगर सोडण्याचं काम सारंगाचं. पुढच्या टोकाला, साखळीपाशी, एक केशरी ठिपका धावत होता. तो ठिपका कोण, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"वायुमापक काय दाखवतोय?" मॅडमनी विचारलं.

"अजून शून्य. नाही, सुई हलली."

"सारंगाला सांगा..."

"त्याने ब्रेक सोडलाय मॅडम!"

रेडिओतून साखळीचा खडखडाट आला. संपतच नव्हता. भूपालीने डोळे मिटून घेतले आणि स्फोटाची वाट पाहिली. खडखडाट चालू होता. मग थांबला. मग काहीच ऐकू येईना. तिने एक डोळा उघडला. केशरी ठिपका साखळीशेजारी उकिडवा बसला होता. जहाजाने नाक वाऱ्याकडे फिरवलं, एक झोका खाल्ला आणि थांबलं. गुळगुळीत पट्टा त्याच्या शेपटीपासून हाकेच्या अंतरावर हेलकावत होता.

"नांगराने तळ धरला," कॅप्टन म्हणाला. त्याचा आवाज म्हाताऱ्यासारखा येत होता.

मग मात्र भूपालीने भोकाड पसरलं. मॅडम तिच्याजवळ आल्या, पण दोन पावलं लांबच थांबल्या. त्यांची नजर तिच्या वेण्यांवर होती.

"मॅडम, माझं..." पुढचं तिच्याने विचारवेना.

"माहीत नाही, बाळा," परकार मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी मला वाटत होतं की माहीत आहे. घरी जा. कोणाला शिवू नकोस. ती बाटली आणि वाटी पिशवीत बंद करून ठेव, माझा माणूस न्यायला येईल. हे नवं विरजण कशाने मरतं ते मला त्यातूनच शोधायचंय. दुसरा नमुना जहाजावर आहे, आणि हे पसरू नये म्हणून तिथून आता काहीच बाहेर काढता येणार नाही."

भूपाली घरी आली तेव्हा फडताळ धुतलेलं होतं. मोरी धुतलेली होती. बाटलीच्या जागी काही नव्हतं.

"आई, बाटली?"

सुगंधा चुलीकडे तोंड करून उभी होती. "टाकली."

"कुठे?"

"खाडीत. जेटीच्या पायऱ्यांवर जाऊन खरवडून, विसळून फेकली. वाटीपण. काही उरलं नाही, आता कोणी येऊन काही शोधू दे." ती वळली. डोळे सुजलेले. "तुझ्या बापाचं नाव राहील."

जेटीच्या पायऱ्या! तिथेच तर सगळा कोळीवाडा डिझेलचे कॅन विसळतो, हात धुतो, ओल्याच हातांनी होड्यांच्या टाक्या भरतो. आणि सकाळच्या भरतीला सगळ्या होड्या सुटणार होत्या. हंगामाची शेवटची फेरी. पन्नास मैल आत, जोरात सुटलेला वारा, आणि एकामागून एक बंद पडत जाणारी इंजिनं. तिच्या डोळ्यांसमोर निदाच्या अब्बांची होडी आली, तृषालीचे दोन भाऊ आले.

तिने मॅडमना फोन केला.

"मी नोटीस काढते. होड्या सोडू नका म्हणून," मॅडम म्हणाल्या. "ऐकतील ना?"

या वर्षी वादळाच्याच किती नोटिसा लागल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी जेटीवर लोक त्यांच्याकडे बघत विडी ओढायचे. शेवटच्या फेरीची मासळी म्हणजे बंदीतली चूल. एवढी कमाई कोणी कागद वाचून सोडत नाही.

ती न्हाणीघरात गेली आणि कडी लावली.

दिवेलागणीला हरेशचा व्हिडिओ कॉल आला. जहाज नांगरावरच होतं. कोणालाही उतरू देणार नव्हते. त्याचा चेहरा एका दिवसात उतरला होता. सुगंधाने फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवला आणि पदराचं टोक तोंडात धरलं.

"पोरीमुळे वाचलो म्हणतात इथे सगळे," हरेश म्हणाला. "पास्कू रडतोय. डब्याला मिठी मारून बसलाय, सोडत नाही. भूपाली कुठाय?"

भूपाली न्हाणीघरातून बाहेर आली. आईच्या तोंडून किंकाळीच निघाली.

तिच्या दोन्ही वेण्या नव्हत्या. मानेशी केस वेडेवाकडे कातरलेले, उंदराने कुरतडल्यासारखे. एका हातात झाकण लावलेला डबा, दुसऱ्या हातात लोणच्याची काचेची बरणी.

"काय केलंस हे!" सुगंधा पुढे झाली.

"शिवू नकोस मला, आई. तिथेच थांब." तिने डबा खाली ठेवला. "यात एक वेणी आहे. मॅडमसाठी. बाटली तर तू टाकलीस, मग नमुना म्हणून माझे केसच उरले होते." मग बरणी वर धरली. "आणि दुसरी यात आहे. डिझेलमध्ये. पप्पांच्या जुन्या कॅनमधलं."

बरणीत काळी वेणी मासळीसारखी पडून होती. तिच्याभोवती डिझेल पिवळट गढूळ झालं होतं आणि धागे पसरायला लागले होते.

"भूपाली," फोनमधून हरेश हळूच म्हणाला, "मॅडमची नोटीस लागेल. चौकशी होईल. जे व्हायचं ते सरकारी कागदावर होऊ दे. तू मध्ये पडू नको. उद्या गावात मला तोंड दाखवायला जागा राहू दे, पोरी."

"नोटिशीने आजवर एक तरी होडी थांबलीये का, पप्पा? तुम्हीच सांगा. तुम्ही होडीवर होतात तेव्हा थांबलात कधी?"

हरेशने भेगाळलेले हात पाठीमागे नेले.

"मला भीती वाटतेय," भूपाली म्हणाली. खरंच तिचा आवाज कापत होता, वक्तृत्वाची सगळी ढाल वितळून गेली होती. "डोकं खाजतंय की नाही तेच कळत नाहीये. निदाचे अब्बा मला काय म्हणतील, गाव आपल्याला काय म्हणेल, सगळ्याची भीती वाटतेय. पण उद्या भरतीच्या आधी मी जेटीवर जाणार. ही बरणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उलटी करणार. डिझेल पडणार नाही. ते विचारतील, हे कुठून आलं. मी सांगणार, आमच्या घरातून. पप्पांच्या हातांनी आलं, आईच्या हातांनी पायऱ्यांवर गेलं, आणि माझ्या डोक्यावर होतं. तेव्हाच त्यांना पटेल. आई, तू आलीस तर बरं वाटेल. नाही आलीस तरी मी जाणार."

तिने बरणी फोनसमोर ठेवली आणि बापाच्या डोळ्यांत पाहिलं.

"पप्पा, तेव्हा तुम्ही असेच व्हिडिओवर या. आणि हात पाठीमागे लपवू नका. ते मी लोकांना दाखवणार आहे."